आठवी बरोबर दहावी!

विद्यार्थी मित्रांनो, आज कागद आणि पेन्सिल घेऊनच वाचायला बसा. आठवीतला विद्यार्थी आणि दहावीतला विद्यार्थी यांत काडीचाही फरक नाही, हे मी तुम्हांला गणिताने सिद्ध करून दाखवणार आहे. प्रत्येक ओळ नीट तपासा आणि जिथे शंका येईल तिथे मला थांबवा.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करू :

६४ − १४४ = १०० − १८०

दोन्ही बाजू −८० आहेत. तक्रार नाही ना? आता दोन्ही बाजूंत ८१ मिळवू. समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजा समानच राहतात.

६४ − १४४ + ८१ = १०० − १८० + ८१

डावीकडे ६४ हा ८ चा वर्ग, ८१ हा ९ चा वर्ग आणि १४४ म्हणजे २ × ८ × ९. उजवीकडे १०० हा १० चा वर्ग, ८१ पुन्हा ९ चा आणि १८० म्हणजे २ × १० × ९. (अ − ब)² चे सूत्र तुम्हांला पाठ आहेच. म्हणून,

(८ − ९)² = (१० − ९)²

दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेऊ :

८ − ९ = १० − ९

दोन्ही बाजूंत ९ मिळवू. म्हणून ८ = १०. जे सिद्ध करायचे होते ते सिद्ध झाले!

मी साताऱ्यात एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. अकरावीच्या पहिल्या तासाला पुष्कळदा मी हे फळ्यावर लिहितो आणि एक शब्दही न बोलता मागे वळून पाहतो. काय दिसते सांगू? बहुतेक मुले सगळे जसेच्या तसे वहीत उतरवून घेत असतात. काहीजण तर शेवटच्या ओळीखाली पट्टीने दोन रेघाही मारतात. फळ्यावर आहे म्हणजे बरोबरच असणार! मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच हसते, आणि त्या हसण्यापासून आमचा खरा तास सुरू होतो.

चोर कुठे आहे ते तुमच्यापैकी काहींनी पकडले असेलच. ८ − ९ म्हणजे −१ आणि १० − ९ म्हणजे +१. दोघांचेही वर्ग १ च आहेत. पण वर्ग समान असले म्हणजे मूळ संख्या समान असतात असे नाही. त्यांची चिन्हे उलट असू शकतात. शेवटून तिसऱ्या ओळीपर्यंत सगळे चोख होते. वर्गमूळ घेताना मी गुपचूप एक चिन्ह खिशात टाकले.

चोर पकडण्यात मजा आहेच, पण मला विचाराल तर चोर लपवण्यात जास्त मजा आहे. अशी खोटी सिद्धता स्वतः तयार करून पहा. कोणत्याही दोन संख्या घ्या. त्यांची बेरीज करा. पहिल्या संख्येच्या वर्गातून 'पहिली संख्या गुणिले बेरीज' वजा करा; दुसरीचेही तसेच करा. दोन्हीकडे उत्तर एकच येईल, ते म्हणजे त्या दोन संख्यांचा गुणाकार, ऋण चिन्हासह. मग दोन्ही बाजूंत बेरजेच्या निम्म्याचा वर्ग मिळवला की झाले. ८ आणि १० साठी बेरीज १८, निम्मे ९, त्याचा वर्ग ८१. ७ आणि ११ घेतल्या तरी निम्मे ९ च येते. एक संख्या सम आणि दुसरी विषम घेतली की अपूर्णांक येतात. ते आले म्हणजे वाचणाऱ्याचे लक्ष अपूर्णांक सांभाळण्यात गुंतते आणि तुमचे काम अधिकच सोपे होते. ४ = ५ करून पहा. तिथे २०¼ मिळवावे लागतात.

आता व्यवहारातला एक नमुना.

१ रुपया = १०० पैसे
= १० पैसे × १० पैसे
= ०.१ रुपया × ०.१ रुपया
= ०.०१ रुपया
= १ पैसा

हा मी पदार्थविज्ञानाच्या वर्गात मुद्दाम सांगतो, कारण इथली चूक आकड्यांत नाहीच. १० × १० = १०० बरोबर आहे आणि ०.१ × ०.१ = ०.०१ हेही बरोबर आहे. चूक एककांत आहे. १० पैशांना १० पैशांनी गुणले तर १०० 'चौरस पैसे' होतील, आणि चौरस पैसा नावाचे नाणे कोणत्याही टांकसाळीत पडलेले नाही. लांबीला लांबीने गुणले तर क्षेत्रफळ मिळते, त्याला काही अर्थ आहे. म्हणूनच १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, पण १ चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर.

क्षेत्रफळाची गोष्ट निघाली म्हणून माझी स्वतःची फजिती सांगतो. मी दहावीत होतो. माझ्या मामांचे गाव सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. तिकडे द्राक्षबागा पुष्कळ, आणि मामांना बेदाणा वाळवण्याच्या शेडसाठी थोडी जागा घ्यायची होती. सौदा गुंठ्यावर ठरला. जागा मोजायला टेप घेऊन सगळे गेले, आणि हिशेबाला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा भाचा! चारी बाजू मोजल्या. प्रत्येक बाजू बरोबर ६६ फूट भरली. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. ६६ × ६६ = ४,३५६. भागिले १,०८९. मी ऐटीत सांगितले, "मामा, चार गुंठे. एक फूटही इकडेतिकडे नाही." मामांनी चार गुंठ्यांचे पैसे मोजले.

जागा तिरकी आहे हे सर्वांना दिसत होते. एका बाजूला ओढा होता आणि बांध त्याच्या कलाने गेला होता. पण आम्ही म्हटले, तिरकी असली म्हणून काय झाले, बाजू तर तेवढ्याच आहेत! पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा क्षेत्र साडेतीन गुंठ्यांनाही किंचित कमी भरले. अर्ध्या गुंठ्याहून अधिक जमीन माझ्या गुणाकारात होती, शेतात नव्हती.

कॅरमच्या चौकटीसारखी चार पट्ट्यांची चौकट करून कोपऱ्यांत सैल खिळे मारा आणि ती हळूहळू एका बाजूला कलवा. बाजू बदलत नाहीत, पण आतली जागा कमी कमी होत जाते. शेवटी चौकट पार मिटते आणि क्षेत्रफळ शून्य होते. मामांच्या जागेचा लहान कोन ६० अंशांच्या आसपास होता. तेव्हा क्षेत्रफळ चौरसाच्या ०.८६६ पट, म्हणजे ३.४६ गुंठे. समोरासमोरच्या कर्णांपैकी एक जरी मोजला असता तरी चूक उघडी पडली असती. चौरसाचे दोन्ही कर्ण सुमारे ९३ फूट भरायला हवे होते. तिथे एक ६६ च्या जवळ आणि दुसरा ११४ च्या जवळ भरला असता. गवंडीसुद्धा पाया आखताना ३, ४ आणि ५ च्या मापाने काटकोन तपासून घेतो. मी तेवढेही केले नाही. मामा मला काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

ही चूक फार जुनी आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, ही रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये दिली, पण ती स्थूल, म्हणजे ढोबळ, आहे हेही त्याने सांगून ठेवले. गंमत अशी की या रीतीने येणारे उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी येत नाही. आयत असेल तर बरोबर, नाहीतर जास्तच. म्हणजे तोटा नेहमी घेणाऱ्याचाच! आणि आपल्या भास्कराचार्यांनी 'लीलावती'त काय म्हटले आहे, ठाऊक आहे? चौकोनाचा लंब किंवा कर्ण न सांगता जो त्याचे ठराविक क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि जो उत्तर देतो तो तर त्याहूनही मोठा! दहावीत मी 'लीलावती' वाचली असती तर मामांचे पैसे वाचले असते.

भास्कराचार्य आपल्याच मुलखातले. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या गावी आपण राहतो असे ते सांगतात. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. इ. स. ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त त्यांनी एक विलक्षण उदाहरण घातले आहे. ते आपल्या भाषेत असे : एका संख्येला शून्याने गुणले, गुणाकारात त्याचाच निम्मा भाग मिळवला, आलेल्या संख्येला ३ ने गुणले आणि शून्याने भागले. उत्तर ६३ आले. तर ती संख्या कोणती?

तुम्ही म्हणाल, शून्याने गुणल्यावर सगळे शून्यच झाले, आता काय काढणार? आणि शून्याने भागायला तर बंदी! बंदी का आहे तेही पाहून घ्या. ८ × ० = १० × ० हे खरे आहे. दोन्ही बाजूंना शून्याने भागू दिले तर ८ = १०. आमची आठवी-दहावी इथे एकाच ओळीत सिद्ध होते. १ = २ ची जी प्रसिद्ध सिद्धता तुम्ही ऐकली असेल, तिच्यातही (अ − ब) ने भागताना अ आणि ब समान असतात; म्हणजे शून्यच असते, फक्त त्याला अक्षरांचा सदरा घातलेला असतो. ती सिद्धता आता इतकी शिळी झाली आहे की मी ती वर्गात सांगतही नाही.

पण भास्कराचार्यांचे उत्तर आहे १४. पुढे शून्याने भागायचे असेल तर शून्याचा गुणाकार लगेच करू नये, गुणक शून्य तसेच बाजूला ठेवावे, असा त्यांचा नियम. आजच्या गणिताला शून्य ÷ शून्य मान्य नाही. तरीही शून्याच्या जागी एक बारीकशी संख्या, समजा ०.००१, ठेवून पहा. १४ × ०.००१ = ०.०१४. त्यात निम्मे मिळवले की ०.०२१. गुणिले ३, म्हणजे ०.०६३. भागिले ०.००१, म्हणजे बरोबर ६३! बारीक संख्या कितीही बारीक घ्या, उत्तर हलत नाही. या रीतीचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे असेही भास्कराचार्यांनी नमूद केले आहे. बारावीत तुम्ही एखाद्या क्षणीचा वेग काढायला शिकाल तेव्हा हे उदाहरण जरूर आठवा. तिथेही बारीक अंतराला बारीक काळाने भागायचे असते. एकाच शून्यातून एकीकडे ८ = १० सारखा बाष्कळपणा निघतो आणि दुसरीकडे गतीचे गणित निघते. म्हणून 'शून्याने भागू नये' एवढे पाठ करून मुलांनी थांबावे, हे मला पटत नाही. शिक्षक मित्रांनी यावर विचार करावा.

आता कात्री घ्या. सांगली आणि बुद्धिबळ यांचे नाते जुने आहे. कै. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचे नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे या गावाचे नाव बुद्धिबळाच्या जगात पोहोचले. म्हणून काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका शाळेने विज्ञान दिनाला बोलावले तेव्हा मी पटाचाच खेळ नेला. आलेखाच्या कागदावर ८ सेंटीमीटर बाजूचा चौरस काढा आणि त्यात पटासारखी ६४ घरे आखा. तो ३ आणि ५ सेंटीमीटर रुंदीच्या दोन पट्ट्यांत कापा. ३ ची पट्टी कर्णावर कापा, म्हणजे दोन त्रिकोण होतील. ५ च्या पट्टीच्या वरच्या लांब कडेवर डावीकडून ३ सेंटीमीटरवर आणि खालच्या कडेवर डावीकडूनच ५ सेंटीमीटरवर खूण करा आणि खुणा जोडणाऱ्या रेषेवर कापा. दोन समलंब चौकोन मिळतील. आता हे चार तुकडे ५ × १३ च्या आयतात बसवा. प्रत्येक समलंब चौकोनाच्या ३ सेंटीमीटरच्या बाजूला त्रिकोणाची ३ सेंटीमीटरची बाजू भिडवायची आणि तयार झालेले दोन लांब तुकडे उलटसुलट ठेवायचे.

सगळे छान बसते. पण ५ × १३ = ६५! कागद तोच, मग एक घर जास्त आले कुठून?

वर्गात एकच गलका झाला. काही मुलांनी घरे पुन्हा मोजली. काहीजण म्हणाले, मधे थोडी फट राहते, पण ती आमच्या कात्रीमुळे. त्यांच्या बाईंनीही नीट न कापल्याबद्दल दोघांना दटावले. मी गप्प होतो, कारण या खेळाची सारी भिस्त बोथट कात्रीवरच असते. तेवढ्यात नववीतली एक मुलगी उभी राहिली. तिने काहीच कापले नव्हते. ती नुसती आलेखाच्या कागदावर घरे मोजत बसली होती. ती म्हणाली, "सर, ही रेघ सरळ नाहीच. त्रिकोणाची कड आठ घरे पुढे जाताना तीन घरे उतरते, आणि त्या दुसऱ्या तुकड्याची पाच घरांत दोन उतरते. दोन्ही सारख्या नाहीत."

मित्रांनो, तिने एका वाक्यात खेळ संपवला. ३/८ म्हणजे ०.३७५ आणि २/५ म्हणजे ०.४. फरक इतका थोडा की डोळ्याला दोन्ही कडा एकाच रेषेत वाटतात. खरे तर आयताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जवळजवळ १४ सेंटीमीटर लांबीची चिंचोळी फट राहते. ती मधे सर्वांत रुंद असते, तेथेही फक्त सुमारे १ मिलिमीटर. त्या फटीचे क्षेत्रफळ काढा. बरोबर १ चौरस सेंटीमीटर येईल. हरवलेले, म्हणजे जास्तीचे, घर तिथे पसरलेले असते. इतर मुले ज्याला कात्रीची चूक म्हणत होती ती चूक नव्हतीच, तेच उत्तर होते. प्रयोगशाळेत वाचन थोडे इकडेतिकडे आले की 'उपकरणाचा दोष' असे लिहून मोकळे होणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगतो.

५, ८, १३ या संख्या सहज निवडलेल्या नाहीत. १, १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी माळ आहे, तीत प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज असते. ८, १३, २१ घेऊन हाच खेळ केला तर १६९ घरांची १६८ होतात. या वेळी फट राहणार नाही. मग काय होईल ते कापून पहा.

खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार कोणी पाहिला आहे? माण, खटाव, आटपाडी, जत या भागातली खिल्लार जनावरे तिथे दावणीला दिसतात. 'दावणीची सर्व जनावरे एकाच रंगाची असतात' हे आता सिद्ध करू. दावणीला एकच जनावर असेल तर प्रश्नच नाही. समजा, पाच जनावरांची कोणतीही दावण एकरंगी असते हे पटले आहे. आता सहांची दावण घ्या. पहिले जनावर सोडा. उरलेली पाच एकरंगी. ते परत बांधून शेवटचे सोडा. आता उरलेली पाचही एकरंगी. मधली चार दोन्ही वेळा होती, म्हणून सहाही एकाच रंगाची! अशाच रीतीने पाचांचे चारांवरून, चारांचे तिनांवरून, असे करत खाली एकापर्यंत जाता येते. मग बाजारात पांढऱ्या बैलाशेजारी काळी म्हैस कशी? दोन जनावरांची दावण करून पहा. पहिले सोडले, उरले एक. परत बांधून दुसरे सोडले, उरले एक. मधले कोणी नाहीच! शंभर पायऱ्यांचा जिना भक्कम बांधला, फक्त दुसरी पायरी राहून गेली.

तुम्ही म्हणाल, सर, हे सगळे पोरखेळ झाले. पण युक्लिडनेही विद्यार्थ्यांना चुका ओळखता याव्यात म्हणून फसव्या सिद्धतांचे एक पुस्तक लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. प्रोक्लसच्या लेखनातून त्याची माहिती मिळते. शिवाय थोरामोठ्यांकडूनही, फसवण्याचा हेतू नसताना, खोट्या सिद्धता होतात. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो याची केंप यांनी १८७९ मध्ये दिलेली सिद्धता ११ वर्षे बरोबर समजली गेली. १८९० मध्ये हीवुड यांनी तिच्यातली चूक दाखवली. खरी सिद्धता १९७६ मध्ये आली, तीही संगणकाच्या मदतीने.

दुसरी कथा आपल्या जवळची आहे. पत्त्यांतले एक्के, राजे, राण्या आणि गुलाम अशी १६ पाने घ्या. ती ४ × ४ च्या चौकटीत अशी मांडा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत चारही चित्रे आणि चारही रंग (इस्पिक, बदाम, चौकट, किलवर) एकेकदाच यावेत. थोडे डोके खाजवले की जमते. अशीच मांडणी ६ × ६ ची जमत नाही, आणि १०, १४, १८ अशा संख्यांनाही ती जमणार नाही, असा अंदाज ऑयलर या महान गणितज्ञाने १७८२ मध्ये केला. ६ बाबत तो खरा आहे हे टॅरी यांनी १९०० मध्ये एकेक शक्यता तपासून दाखवले. पुढच्या काही वर्षांत ऑयलरच्या पूर्ण अंदाजाच्या 'सिद्धता' एकाहून अधिक गणितज्ञांनी प्रसिद्ध केल्या. मग १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी २२ ची आणि १० ची मांडणी प्रत्यक्ष करूनच दाखवली. त्या सगळ्या सिद्धता एका फटक्यात खोट्या ठरल्या, आणि १७७ वर्षांचा अंदाजही. ६ सोडून पुढच्या तशा सर्व संख्यांना मांडणी जमते, हेही त्यांनी सिद्ध केले. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. यांपैकी श्रीखंडे हे आपले मराठी माणूस. पुढे ते मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते. ऑयलरएवढ्या माणसाने म्हटले आहे आणि छापूनही आले आहे, म्हणून वहीत उतरवून घेऊन त्यांनी खाली दोन रेघा मारल्या असत्या तर?

जाता जाता एक हिशेब तुमच्यासाठी ठेवतो. सातारा ते सांगली हे अंतर १२० किलोमीटर धरा. रस्त्याचे काम चालू असल्यामुळे एस. टी. जाताना ताशी ३० किलोमीटर वेगाने गेली. जाऊन-येऊन सरासरी वेग ताशी ६० पडावा अशी चालकाची इच्छा आहे. तर येताना त्याने गाडी किती वेगाने हाकावी? ९० हे उत्तर तुमच्या ओठांवर आले असेल. ते लिहिण्यापूर्वी जाण्यात किती तास गेले आणि परतीसाठी किती शिल्लक राहिले ते घड्याळात पाहा, आणि मग १२० ला त्या शिल्लक वेळाने भागा.